जनावर नव्हे, नाग

अहो,

सात वर्षांत तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आज भर दुपारी दार लावून लिहायला बसलेय. कारणच तसं घडलं. सकाळी भाताच्या कणगीमागे नाग निघाला, आणि मी तो तुमच्या आकड्याने उचलून खोक्यात घातला. मी! लग्न होऊन आले तेव्हा गांडूळ बघून किंचाळणारी मी!

घोडबंदरला आले तेव्हा मी सापाला साप म्हणतच नव्हते. जनावर म्हणायचे, तिन्हीसांजेला तर लांबडं. तुम्ही केवढे हसायचात! "हिरे, नवऱ्याचं नाव घेत न्हाईस तें एक, याचं तरी घे. नाव म्हाईत नसलं की मानूस काठी घेतंय."

मग शिकवणी सुरू झाली. धामण म्हणजे उंदीर खाणारी, बिनविषाची. घोणसेच्या अंगावर साखळी, मण्यारीच्या अंगावर पांढरे पट्टे, दोघींपासून चार हात लांब. उचलायचं ते शेपटी ओढून नाही, सळी वाकवून केलेला आकडा पोटाखाली घालून. खोक्यात पेंढा, पाण्याचं परळ आणि कात घासायला एक खरबरीत दगड. आठवड्याला एक उंदीर नाहीतर बेडूक, आणि खाल्ल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही. दूध कधीच नाही. मी विचारलं होतं, "मग पंचमीला सगळे दूध का पाजतात?" तुम्ही म्हणालात, "उपाशी ठेवलेला पितो, नि मग मरतो."

तो पहिला नाग तुम्ही घरी आणलात तो दिवस विसरेन कशी? भाईंदरच्या बाजारात गारुड्याशी मारामारी करून आलात, सदरा फाटलेला, नाकातून रक्त. टोपलीतल्या नागाचे दात उपटलेले, तोंड दोऱ्याने शिवलेलं. माझ्या शिवणाच्या कात्रीने तुम्ही एकेक टाका कापलात, आणि प्रत्येक टाक्याला त्या गारुड्याला अशी शिवी दिलीत की मी कानांवर हात ठेवले. "दात परत येतात याचे," म्हणालात. मला भीती वाटायला हवी होती. मला तुमचा अभिमान वाटला.

आता चूक सांगते. ही माझीच, आणि आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पंचमीच्या आदल्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर साय आली होती. दुधावर धरते तशी, निळसर. तुम्ही बजावलं होतंत, "कात टाकायला झालाय. याला आता दिसत न्हाय. दिसत न्हाय म्हनून भितो, भितो म्हनून झेपावतो. झाकन उघडायचं न्हाय." मी हो म्हटलं.

आणि सकाळी शेजारणी दूध-लाह्या घेऊन आल्या. "हिरे, घरात खरा नाग असून भिंतीवरल्याला पुजायचं?" तुम्ही गोठ्यात होतात. मला मिरवायचं होतं हो! नाग माझा, शिकवणी माझी. मी झाकण काढलं.

कुणी तरी हळद-कुंकू सरळ त्याच्या तोंडावर टाकलं. फडा उभा राहिला, आंधळाच झेपावला, दुधाचं भांडं उलटलं. बायका ओरडत बाहेर पळाल्या आणि पुरुष काठ्या घेऊन आत आले. त्या दिवशी भाजीला विळी लावायची नाही, जमिनीला कुदळ लावायची नाही, पण काठीला मनाई नव्हती. सगळ्यांत पुढे तुमचा धाकटा भाऊ, दामूभावजी.

तुम्ही धावत आलात, नागावर टोपली पालथी घातलीत आणि तिच्यावर ओणवे झालात. "मारू नका! दिसत न्हाय त्याला!" भावजींची काठी तेवढ्यात खाली आली होती. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. तुमचा कान फाटून लोंबला, तोंड जमिनीवर आपटलं. आणि तरी बाकीचे थांबले नाहीत! तुम्हाला बाजूला ढकलून टोपलीसकट तो नाग ठेचत राहिले, शेणामातीत त्याचा लगदा होईपर्यंत. दुपारी तुम्ही गेलात.

"नाग डसला दादाला," भावजी रडत म्हणाले, आणि सगळ्यांनी ते उचललं. तुम्हाला न्हाऊ घालताना मी हात, पाय, मान, सगळं तपासलं. दाताची एक खूण नव्हती.

पोलीस पाटील आले, त्यांनी मला विचारलं, "मयताचं नाव?" बायकोने नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? मी पदर पुढे ओढला आणि भावजींकडे बघितलं. त्यांनी नाव सांगितलं. मग पुढचंही तेच सांगत गेले, आणि मी मान हलवत गेले. नाग डसला म्हटलं की माझं झाकणही झाकलं जात होतं. कळतंय ना तुम्हाला?

आज सकाळी भावजी तशीच काठी घेऊन आले. "बाजूला व्हा वैनी. जनावर हाय तें."

"जनावर न्हाय. नाग हाय. नि त्याच्या डोल्यांवर साय हाय."

"असल्याच जनावरानं खाल्लं माज्या दादाला!"

"त्यांना नाग डसला नव्हता, भावजी. तुमची काठी लागली. झाकन मी उघडलं होतं."

त्यांनी काठी माझ्यावर उगारली. खरंच उगारली! मी आकडा धरून तशीच उभी राहिले. मग त्यांनी ती उंबऱ्यावर आपटली, दोन तुकडे झाले, आणि तिथेच खाली बसले. तिथूनच म्हणाले, "तुमी तवा का नाय बोललाव?" मी आकडा नागाच्या पोटाखाली घातला आणि त्याला खोक्यात सोडलं.

तुमच्यावरही राग आहे माझा. नागासाठी ओणवे झालात, माझा विचार केला नाहीत! लढाई लागली, रॉकेल रेशनवर गेलं, सासूबाई गेल्या, आणि मी एकटी तो खोटेपणा सांभाळत बसले. पण तुमच्या जागी मी असते तर? आज कळलं, मीही आडवीच आले असते.

नाग खोक्यात आहे. पेंढा, पाणी, दगड, सगळं तुम्ही सांगितलंत तसं. तो कात टाकेपर्यंत झाकण उघडणार नाही, कुणीही येवो. मग चेण्याच्या रानात सोडून येईन. आणि उद्याच पोलीस पाटलांकडे जाणार आहे, काठीचं आणि झाकणाचं दोन्ही सांगायला. ते पहिल्यांदा मयताचं नाव विचारतील. या वेळी कुणाकडे बघणार नाही, माझ्या तोंडाने सांगीन. हे वचन. आधी इथे लिहून बघते.

तुमची,
हिरा यशवंत