कोऱ्या नोटा

अकिता, १२ नोव्हेंबर

चि. मिहोको हिस आशीर्वाद.

आईच्या अंत्यविधीसाठी तू ओसाकाहून पाठवलेलं पाकीट मिळालं. तू आली नाहीस, तेही गिळलं असतं. पण आत तीन कोऱ्या करकरीत नोटा. मयताच्या पाकिटात वापरलेली नोट घालतात, निदान घडी तरी घालतात. कोरी नोट म्हणजे मरणाची वाट बघत पैसे काढून ठेवले होते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तोकिए आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, लेक तयारीतच बसली होती. मी मान डोलावली. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला येऊ नकोस.

बुद्ध तुला सुबुद्धी देवो.
योशिनोबु

ओसाका, १७ नोव्हेंबर

ती. दादास सा. नमस्कार.

ते पैसे आईचेच. लग्नात तिने माझ्या कमरपट्ट्यात तीन नोटा खोचल्या होत्या, राजपुत्र शोतोकूच्या चित्राच्या, जुन्या. म्हणाली, नाहीच जमलं तर हे परतीचं भाडं, नवऱ्याला दाखवू नकोस. घरातला पैसा यांच्या हाती. माझं म्हणावं असं तेवढंच.

आई अत्यवस्थ असल्याचा तुझा फोन आला तशी त्या घेऊन स्टेशनवर धावले. मशीनने तिन्ही परत फेकल्या. खिडकीवरच्या मुलीने तसली नोट कधी पाहिली नव्हती. काकू, खेळातली तर नाही ना, असं हसत म्हणाली आणि साहेबांना विचारायला गेली. साहेब म्हणाले, चालतात, पण खात्री करून घेऊ. खात्री होईपर्यंत गाडी गेली. त्यानंतर निघून त्या दिवशी अकिता गाठता येत नाही.

सकाळी बँकेने नोटा बदलून दिल्या. बाहेर पडते तोच तुझा दुसरा फोन, आई गेल्याचा. हे म्हणाले, आता जाऊन काय तिला उठवणार आहेस? पाकीट पाठव. इतकी वर्षं आईच्या नोटांवर सुरकुती पडू दिली नव्हती. या बदललेल्यांनाही घडी घालायला हात धजला नाही, दादा.

राग ओसरला तर आठवण ठेवावी.
मिहोको

अकिता, २२ नोव्हेंबर

चि. मिहोकोस आशीर्वाद.

तुझं पत्र देव्हाऱ्यापुढे बसून वाचलं. आत्यालाही दाखवलं. ती म्हणाली, लिहिते छान. अंत्यविधीला तिच्या बोलण्यावर मी मान डोलावली आणि गावाने ते खरं धरलं; आता कुणाकुणाची तोंडं धरू? तरी तू ये. भाडं म्हणून त्याच तीन नोटा पाठवतो आहे.

भावावर माया असू दे.
योशिनोबु

ओसाका, १ डिसेंबर

ती. दादास सा. नमस्कार.

तुझं पाकीट यांच्या हाती पडलं. भाडं पाठवायला मी मेलोय का, असं म्हणून यांनी पैसे खिशात घातले. नोटा नव्या होत्या. दारूच्या दुकानात त्याच संध्याकाळी बिनबोभाट चालल्या.

मी येत नाही. माझ्या वाटची उदबत्ती तूच लाव.

मिहोको