जाऊबाईंचं कॉलेज

४ फेब्रुवारी २०२२
निबंध परत आला! ऑनलाइन कॉलेजातला माझा पहिलाच शोधनिबंध — लग्नानंतर बायकांचं शिक्षण का सुटतं? सगळा जाऊबाईंवर उभा केला होता. मंगलाताई बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न होऊन लालबागच्या या घरात आल्या, आणि सासऱ्यांनी कॉलेज बंद केलं. मॅडमनी सगळ्यांसमोर वाचला. "सुमनजी, ये तो शिकायत है. शोध कहाँ है? दूसरे पक्ष से पूछा?" मी कॅमेराच बंद केला.

दुसरा पक्ष म्हणजे आमचे सासरे. आप्पांना विचारायचं? मी?

५ फेब्रुवारी
नाही विचारलं.

७ फेब्रुवारी
ताईंना सांगितलं. भाकरी थापता थापता हात थांबला. "त्यांना काय विचारतेस? इतकी वर्षं मी त्या माणसाशी कामापुरतंच बोलते." मग हळूच — "विचार. बघू तरी काय म्हणतात."

निबंध सुधारून पुढच्या सोमवारपर्यंत द्यायचा. नाहीतर नापास.

१० फेब्रुवारी
विचारलं! आप्पा ओट्यावर पेपर वाचत बसले होते. रेकॉर्डिंग करू का, हे आधी विचारलं — मॅडमनी शिकवलंय तसं. "आप्पा, ताईंचं कॉलेज तुम्ही का थांबवलं?"

त्यांनी चष्मा काढला. वाटलं, आता चिडतात.

"मी? मी तर ॲडमिशनला तिच्यासोबत जायला कपडे करून बसलो होतो. दिगंबर बोलला, तिचीच इच्छा नाही. मी म्हटलं, मग जबरदस्ती कशाला."

मग चष्मा परत चढवून — "म्हणून ती माझ्याशी बोलत नाही का?"

दिगंबर म्हणजे माझे जेठ, ताईंचे यजमान. त्यांनीच ताईंना सांगितलं, आप्पा नको म्हणतात. आणि आप्पांना सांगितलं, तीच नको म्हणते. आता हे लिहू कसं?

११ फेब्रुवारी
ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "छोड ना! एका निबंधापायी घर मोडशील. दुसरा विषय घे." घ्यावा का खरंच? रेकॉर्डिंग पुसायला गेले. बोट पुढे सरकेना.

१२ फेब्रुवारी
ताईंनीच विचारलं, "काय बोलले?" खोटं बोलता आलं नाही. रेकॉर्डिंग लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "परत लाव."

परत लावलं. मग उठल्या, खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं. त्यांचा एवढा चढलेला आवाज मी या घरात कधी ऐकला नव्हता — "एकदा तरी मला विचारायचं होतं!"

जेठांचं एवढंच ऐकू आलं, "आता काय त्याचं?"

१३ फेब्रुवारी
घरात कोणी कोणाशी बोलत नाही. हे माझ्याकडे बघतही नाहीत. मी हे काय करून बसले!

१४ फेब्रुवारी
निबंध पाठवला. ताईंना आणि आप्पांना आधी वाचून दाखवला. दोघंही "असू दे" म्हणाले. जेठांनाही विचारलं होतं — ते उठून गेले. तेही लिहिलंय.

१५ फेब्रुवारी
ताई चांदनी गावाला, माहेरी निघाल्या. जेठ खोलीतून बाहेर आले नाहीत. आप्पांनी बॅग उचलली, रिक्षापर्यंत नेली. "परत कधी येशील, बेटा?"

"बी.ए.ची परीक्षा दिली की, आप्पा."