दरोडेखोरांना इस्त्री

बाबा, दुकान अजून तलासरीच्या नाक्यावर आहे तिथेच आहे आणि जूनच्या आधीचे दोन महिने अजूनही मान वर करायला फुरसत नसते. शाळेच्या खाकी चड्ड्या जाऊन फुल पँटी आल्या, पांढऱ्या शर्टांच्या जागी चौकडीचे आले, एवढाच काय तो फरक. तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली. आज जे लिहिते आहे ते तुम्ही समोर असतात तर सांगितलंच नसतं. तुम्ही चष्म्यावरून नुसतं बघितलं असतंत आणि मी कात्री शोधायच्या निमित्ताने आत पळाले असते.

नववीत असताना मी पहिला शर्ट एकटीने शिवला, आठवतं? तुम्ही जेवायला घरी गेला होतात तेवढ्यात. तुम्ही आलात, शर्ट उचललात आणि पुढून न बघता आधी उलटा केलात. तुमची ती सवयच होती, गणवेश आतून बघायचा. मग एक डोळा बारीक करून तुम्ही ब्लेड घेतलंत, कॉलरपासून सुरुवात केलीत आणि शेवटच्या टाक्यापर्यंत सगळा शर्ट उसवलात. भांडण नाही, आवाज नाही. सुटे तुकडे माझ्या हातात देऊन म्हणालात, "परत शीव." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तुम्ही तो घडी घालून तयार शर्टांच्या ढिगावर ठेवलात आणि पुढचं माप लिहायला घेतलंत. मी तिथेच उभी, काहीतरी बोलाल म्हणून. घरी जाऊन चुलीपाशी रडले तर आई भाकरी थापता थापता म्हणाली की ढिगात ठेवला ना, मग झालं, त्यांचं तेच बोलणं असतं. आईचं खरं असेल. पण मला ते कानांनी ऐकायचं होतं. पुढे सहा वर्षं तुमच्या शेजारच्या मशीनवर शिवलं आणि सहाही वर्षं मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. मग तुम्ही गेलात आणि ते ऐकायचं राहूनच गेलं.

दोन वर्षांपूर्वी, २०१७ च्या थंडीत, एक मुंबईची मुलगी दुकानात आली. तिशीची असेल, केस कापलेले, बोलणं भराभर. डहाणूला एका चिकूच्या वाडीत ते तीसजण दोन दिवस एक खेळ खेळणार होते. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, कोणी राजा, कोणी वैद्य, कोणी दरोडेखोर, आणि दोन दिवस त्याच पात्रासारखं जगायचं, खायचं, भांडायचं. मी विचारलं, बघायला कोण येणार? म्हणाली, कोणीच नाही. मग संवाद कोणी लिहिलेत? म्हणाली, कोणीच नाही, तेव्हा सुचेल ते बोलायचं. याला लार्प म्हणतात म्हणे. मला वाटलं, मोठी माणसं भातुकली खेळतात आणि त्याला इंग्रजी नाव देतात. पण तिने वहीतली चित्रं उघडली आणि बाबा, माझे हात शिवशिवायला लागले. वीस वर्षं एकच शर्ट शिवणाऱ्या बाईपुढे कोणी अंगरखे, झगे, टोप्या आणि चिलखतं मांडली तर दुसरं काय होणार?

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. चारोटीच्या गादीवाल्याकडून स्पंज आणून पाइपावर गुंडाळला, वरून टेप मारली, झाल्या तलवारी, कोणाला लागायला नको म्हणून मऊ. सायकलच्या जुन्या ट्यूबचे कमरपट्टे केले. चिलखतासाठी जाळं हवं होतं म्हणून धाकट्या डहाणूला गेले. तिथे एक कोळीण दारात जाळ्यांचा ढीग घालून बसली होती. मी त्यातलं सगळ्यात फाटकं मागितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "मावरा नाय ऱ्हायचा गो त्यात," असं ती दोनदा म्हणाली, मला ऐकू आलं नसेल म्हणून. शेवटी मी सांगितलं की यात सेनापती ठेवायचा आहे. त्यावर ती इतकी हसली की आतून तिची सून बघायला आली. त्या जाळ्याला चंदेरी आणि काळा रंग मारला, चौपदरी करून टाचलं. लांबून बघाल तर लोखंडच.

आणि मग मी ती चूक केली, जी गणवेश शिवणाऱ्याच्या पोरीशिवाय कोणी करणार नाही. सात दरोडेखोर होते. सातांच्या बंड्या मी एकाच मापाच्या टिपेने शिवल्या, डाव्या बाजूला खिसा दिला, खिशात पेनाची जागा दिली. बाह्यांना आणि खाली चार बोटं जादा कापडाची माया आत दुमडून ठेवली, पुढच्या वर्षी सोडायला. तिशी-पस्तिशीची माणसं ती, कुठे वाढणार होती? सगळ्याला कडक इस्त्री केली. ती मुलगी खेळाच्या तीन दिवस आधी वाडीत सामान लावत होती, तिथे नेऊन मी सातही बंड्या दोरीवर टांगल्या. ती दोरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली. मग हळूच म्हणाली, "ताई, काम फार सुंदर झालंय. पण हे दरोडेखोर प्रार्थनेला निघाल्यासारखे दिसतायत." वाडीचे मालक, गुजराती म्हातारे गृहस्थ, खाटेवर बसून बघत होते. ते म्हणाले, "बेन, एकेकाच्या हातात दप्तर दे फक्त."

मला राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा बघितलं तर ते दोघे अगदी बरोबर होते. उपाय एकच होता, फाडायचं, मळवायचं, विटवायचं. मी ब्लेड हातात घेतलं आणि हात चालेना. तुम्ही मला उसवायला शिकवलंत ते नीट करण्यासाठी. चांगलं शिवलेलं बिघडवायचं कसं, ते तुम्ही शिकवलं नव्हतंत. तुम्ही बघताय असं वाटून मी खरोखर मागे वळून बघितलं. मागे म्हातारेबाबा चहा पीत होते. मग पहिली बाही टर्रकन फाडली आणि पुढे काय झालं विचारू नका. बंड्या चहाच्या पाण्यात उकळल्या, दगडावर घासल्या, वाडीच्या लाल मातीतून ओढत नेल्या. कोपरांना भोकं पाडली, त्यांना मुद्दाम वेडीवाकडी ठिगळं लावली. ती मुलगीही कामाला लागली. आम्ही दोघी मातीने माखलो होतो आणि मी इतकी हसत होते की माझी मलाच ओळख पटेना. एक मात्र सांगते, फाडलं ते कापड. शिवण एकही उसवली नाही.

खेळाच्या दिवशी सकाळी कळलं की एक माणूस येत नाही. ती मुलगी म्हणाली, ताई, तुम्हीच या, कोणीही व्हा. मी म्हटलं, मी राजाचा शिंपी होईन. ती म्हणाली, यात नवीन काय? मी म्हटलं, म्हातारा शिंपी, साठीचा, चिडका, कमी बोलणारा. धोतर नेसले, गळ्यात टेप टाकली, कानावर खडू खोचला आणि झाडाखाली बसले. बाबा, मी एक डोळा बारीक केला मात्र आणि तुम्ही आलात. सेनापतीला मी त्याच्या तुटक्या बटणावरून असं काही झाडलं की त्याने तलवार खाली ठेवून बटण लावून घेतलं. वैद्याची टोपी उलटी करून आतून तपासली. दुपारपर्यंत लोक माझ्या झाडावरून लांबून जायला लागले. इतकी मजा मला लग्नातसुद्धा आली नव्हती.

दुपारी राणी आली. एरवी ती बँकेत नोकरी करते, पण तेव्हा राणी होती आणि तिच्या अंगावर मी शिवलेला निळा झगा होता, या सगळ्यातलं माझं सर्वात आवडतं काम. मी तिला वळायला सांगितलं, झग्याची कड उचलून आतून बघितली. तिने सहज विचारलं, "शिंपीबुवा, हा कोणी शिवला?" मी काही ठरवलं नव्हतं. तुमच्या आवाजात माझ्या तोंडून निघालं, "माझ्या मुलीने. चांगला हात आहे तिचा." राणी बरं म्हणाली आणि निघून गेली. तिच्यासाठी ते खेळातलं एक वाक्य होतं. मी मात्र धोतराच्या सोग्यात तोंड लपवून किती वेळ बसले होते कोण जाणे, आणि ते रडणं दुःखाचं अजिबात नव्हतं.

हे पत्र कुठे टाकणार? लिहून झालं की बिलबुकात घालून ठेवीन. तुम्ही ते वाक्य कधी म्हणाला नव्हतात, मी ते तुमच्या तोंडी घातलं, हे मला माहीत आहे. रागावायचं तर रागावा. पण कबूल करते, तेव्हापासून दर थंडीत मी खेळाला जाते, दर वेळी तोच म्हातारा शिंपी होते आणि कोणी विचारेल म्हणून वाट बघते. संध्याकाळपर्यंत कोणी विचारलं नाही, तर मी आपणहून सांगते.