शेंड्यावरचं युझू

ओकुदानी, ६ डिसेंबर

चि. मासुकोस, अनेक उत्तम आशीर्वाद.

काल युझूच्या लिंबांची तोडणी संपली. काटे यंदाही हातमोजे फाडून आत शिरले. आईच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक झाडाच्या शेंड्यावर एक फळ ठेवलं आहे, पुढच्या वर्षीही ये, एवढं झाडाला सांगण्यापुरतं.

आता खरी बातमी. रस काढून उरलेल्या बिया आपण आजवर खड्ड्यात ओतत आलो. माझ्या योशिनोरीने त्या वाळवून त्यांचं तेल काढलं आणि तुमच्या ओसाकातल्या एका क्रीमवाल्या कंपनीला दाखवलं. त्यांना पसंत पडलं. अट एकच, झाडांवर सलग तीन वर्षं औषध पडलेलं नको. दोन वर्षं तर झालीच आहेत, कारण माझ्याच्याने फवारणीचा पंप उचलवत नाही! म्हातारपण असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या हंगामाचं तेल तपासणीत उतरलं की करार. मग सूनबाई मिसाओ आणि नात ओसाका सोडून इथेच येणार, असं मिसाओने स्वतः फोनवर सांगितलं. मी वरची खोली झाडून ठेवली आहे. शेजारच्या निशिगाकीसानना मात्र हसू आवरत नाही. बायका तोंडाला बिया फासणार तर मी चोथा डोक्यावर थापतो, केस येतील, म्हणाले.

तुझी ताई
कियोए

ओसाका, २२ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पेटी पोचली. आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस, म्हणून रिवाजाप्रमाणे चार युझू आंघोळीच्या टबात सोडली आणि घरभर ओकुदानी झालं. आई बिया शोचूच्या दारूत भिजवून हातांना लावायची ते आठवलं. आणि त्या बाटलीतला शोचू गुपचूप कोण चाखायचं तेही आठवलं, ताई.

एक सांगते, रागावू नकोस. अटीचं शेजाऱ्यांना सांगितलंस का? बांधावर एक पाटी लाव, इथे फवारणी नाही म्हणून. योशिनोरी सेहेचाळीस वर्षांचा आहे. याच्यानंतर तो दुसरा डाव मांडणार नाही.

तुझी
मासुको

ओकुदानी, १० जानेवारी

चि. मासुकोस, अ. उ. आ.

पाटी लाव म्हणे! तू अगदी ओसाकाची झालीस. आमच्या फळाला औषध नाही असं लिहायचं म्हणजे निशिगाकींच्या फळात विष आहे असं त्यांच्याच दारात लिहायचं. तुझे भावोजी गेले तेव्हा निशिगाकींची बायको रात्रभर माझ्या उशाशी बसली होती. योशिनोरीही म्हणाला की आई, नको, वाईट दिसेल. आपण आपलं गप्प राहून काम करू.

कियोए

ओकुदानी, १९ जुलै

चि. मासुकोस, अ. उ. आ.

पाय मुरगळून मी आठवडाभर गावच्या दवाखान्यात होते, हे तुला कळलंच असेल. योशिनोरी तेलाचं यंत्र शिकायला तुमच्याकडे आलेला. परवा घरी आले तर पानांवर पांढरे ठिपके वाळलेले. फाटकाशी निशिगाकीसान टोपी काढून उभे होते. तुम्ही आजारी, मुलगा बाहेर, आणि फळांवर खवडे दिसायला लागलेले, पाहवेना. म्हणून आमच्याबरोबर तुमच्याही झाडांवर औषध मारून टाकलं, म्हणाले. भर उन्हात, पंप पाठीवर घेऊन चढ चढले होते ते.

मी काय करणार? वाकून आभार मानले. दुसऱ्या दिवशी लाल चवळीच्या मिठाईचा डबाही नेऊन दिला. योशिनोरी रात्री जेवला नाही. एवढ्या पावसात धुऊन जाईल, असं स्वतःशीच म्हणत बसला. तो त्यांच्याकडे भांडायला निघाला होता. मीच दारात आडवी झाले.

कियोए

ओसाका, २ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मला रडू आलं आणि तुझा रागही आला. निदान आता तरी त्यांना सांग. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा चढतील. मिसाओला मी काही बोललेले नाही. तिने लेकीसाठी तुमच्या गावच्या शाळेत चौकशी केली आहे.

मासुको

ओकुदानी, २० डिसेंबर

चि. मासुकोस, अ. उ. आ.

तेल नापास झालं. पानांवरचं औषध पाऊस धुतो, पण सालीत आणि बीत गेलेलं तेलात साठतं, असं कंपनीच्या माणसाने फार नम्रपणे सांगितलं. आता पुन्हा पहिल्यापासून तीन वर्षं. योशिनोरीने यंत्र धुऊन पुसून झाकलं आणि काल सकाळच्या बसने गेला. मिसाओने त्याच्यासाठी तिकडे गोदामातली नोकरी शोधली आहे. वरच्या खोलीच्या खिडक्या मी लावून घेतल्या. मासुको, मला आता कशाचीच आशा वाटत नाही. सकाळी उठावंसं वाटत नाही.

संध्याकाळी निशिगाकीसान भाजी घेऊन आले. मुलगा का गेला, म्हणून विचारत होते. सुनेला डोंगर मानवत नाही, असं मी सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. तुम्ही काळजी करू नका, दर उन्हाळ्यात फवारणी मी करून देत जाईन, म्हणाले. मी वाकून आभार मानले.

सोबत एक बाटली पाठवते आहे. आईच्या पद्धतीने बिया शोचूत घातल्या आहेत, हातांना लाव. त्या शेंड्यांवरच्या फळांच्या आहेत. या वर्षी शिडी लावून तीही उतरवली. पुढच्या वर्षी ये, असं झाडांना म्हणायला माझं तोंडच उघडेना.

लोभ असू दे. मागण्यासारखं आता तेवढंच आहे.

तुझी ताई
कियोए