डाव्या पायाची पट्टी

मी, भिकन झिपरू पगारे, वय चौऱ्याहत्तर, पाटबंधारे खात्यातला निवृत्त कारकून, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कुणी धाक घातलेला नाही की गोड बोलून गुंडाळलेलं नाही. थकलो मात्र फार आहे. त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही, असं वकीलबाई सांगतात.

कलम १. राहता फ्लॅट माझ्या कमाईचा आहे. तो पत्नी सौ. सुमन हिला आणि तिच्यामागे मुलगी पायल हिला मिळावा. बाल्कनीतला लोखंडी रॅक बाहेर काढायची सुमनची फार जुनी इच्छा आहे. माझ्यामागे तिने ती खुशाल पुरी करावी.

कलम २. बँकेतल्या ठेवी सुमनला. त्यांचं काय करावं, याबद्दल जावयांनी सल्ले देऊ नयेत.

कलम ३. त्या रॅकमधला संग्रह पायलला. घरात त्याला पायपुसण्यांचं कपाट म्हणतात, म्हणून खुलासा करतो. जुन्या काळी शिपाई पोटरीला जे बांधत, ते सगळं त्यात आहे. लोकरीच्या लांब पट्ट्या, जाड कापडाची अँकलेट, घोडदळाची कातडी लेगिंग. बहुतेक माल देवळाली कॅम्पच्या भंगारवाल्यांकडून मिळवला. लोक रविवारी सोमेश्वरला फिरायला जात, मी भंगाराच्या ढिगात बसे. सुमनने हे सहन केलं, याची इथे लेखी नोंद करतो.

पायल, ओळखायचं कसं ते नीट वाच. अँकलेटचं बक्कल नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला येतं, आणि पट्ट्याचं टोक मागे वळतं. त्यावरून डावं-उजवं ठरव, दोन डावी जोडून जोडी म्हणून कुणाला देऊ नकोस. पायदळवाला पट्टी घोट्यापासून वर गुंडाळत जाई आणि नाडी गुडघ्याखाली बांधे. घोडेस्वार वरून खाली येई, त्याची गाठ घोट्याशी. शंका आली तर कडेचा एक धागा काढून जाळ. केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर नाटकवाल्यांचा माल. इस्त्री कुणीही करायची नाही. एकदा केली होती, कुणी ते सुमनला माहीत आहे.

कलम ४. ज्या दुकानदाराने सिनेमाच्या कपड्यांतली लेगिंग मला लढाईतली म्हणून विकली, त्याला मी माफ केलेलं नाही. माझ्यामागेही करू नये.

कलम ५. आता धाकटा भाऊ नवनाथ, राहणार नांदगाव. आमचे वडील पायदळात शिपाई होते. लढाई संपल्यावर घरी आले ते पट्ट्यांच्या एका जोडीसह. डाव्या पट्टीच्या नाडीला त्यांनी लाल दोरा घातला होता. ते गेल्यावर वाटणी झाली. पंच बसले, ताटं, तांबे, घोंगड्या सगळं समसमान मांडलं, आणि पट्ट्यांशी येऊन अडले. तेव्हा आई, नवसाबाई, म्हणाली, "येक-येक घ्या. जोडी लावायला तरी येत जासाल येकमेकाकडं." पंच हसले आणि तसंच केलं. डावी माझ्याकडे आली, उजवी नवनाथकडे गेली.

आई नवनाथकडेच राहिली आणि तिथेच वारली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी त्याच्याकडे उजवी पट्टी मागितली. नवनाथ "नाय" एवढंच म्हणाला आणि उठून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. त्याने ती भंगारात घातली किंवा माझ्यावरच्या रागाने दडवली, असं मी धरून चाललो आहे. बाकी संग्रह कुणीही जमवू शकेल, ती जोडी जुळली नाही तर माझं सगळं फुकट गेलं. म्हणून नांदगावच्या वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा नवनाथला देतो, पण त्याने उजवी पट्टी पायलच्या हातात ठेवली तरच. नाहीतर हिस्सा पायलचा.

इथपर्यंत मंगळवारी लिहून झालं. पुढचं आज, शनिवारी लिहितो आहे.

सुमनने मला न विचारता नवनाथला फोन केला. तो आज सकाळच्या एसटीने आला. उजवा पाय नीट टाकत, डावा ओढत. मी कलम ५ त्याला वाचून दाखवलं. त्याने चहा पिऊन घेतला, मग म्हणाला, "दादा, ती पट्टी नाय आता. आईच्या पायावर गेली."

शेवटच्या थंडीत आईचा पाय फार ठणके. ती म्हणे, ह्यांची पट्टी बांध. नवनाथ रोज बांधायचा. ती गेली तेव्हा सोडायला त्याचे हात धजले नाहीत. वर पांढरं वस्त्र घातलं, आम्हा कुणाला दिसलं नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तू आलास, बसलास, आन् पट्टी कुठंय म्हणालास. आई कशी गेली ते नाय विचारलंस. मला लय लागलं ते. मग नाय सांगितलं."

सुमन आत निघून गेली. त्याने हे बोलून दाखवलं नसतं तर मी आजही विचारलं असतं की नाही, कोण जाणे. पण आज विचारलं, आई कशी गेली. त्याने सगळं सांगितलं, दुपार त्यातच गेली.

सबब, कलम ५ मधली अट रद्द. नांदगावचा हिस्सा नवनाथला, बिनशर्त. पायलची याला संमती आहे, फोनवर घेतली.

कलम ६. वडिलांच्या डाव्या पट्टीबद्दल या मृत्युपत्रात काही लिहिता येत नाही, कारण ती आता माझ्या मिळकतीत नाही. नवनाथच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या आहेत, संध्याकाळी पाय सुजतो. रॅकमधून काढून मी ती स्वतः त्याच्या पायाला बांधली, घोट्यापासून वर. खाली वाकल्यावर मला उठता येईना, तर त्यानेच हात दिला. "घट्ट झाली का?" विचारलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाला.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करतो.

भिकन झिपरू पगारे

साक्षीदार:
१. गोरक्ष दामू शेवाळे, शेजारी
२. प्रतिभा मधुकर साळवे, वकील

नाशिक, दि. १४ डिसेंबर २०२४

टीप: नवनाथ झिपरू पगारे यांना या मृत्युपत्राने लाभ होत असल्याने त्यांची सही साक्षीदार म्हणून घेतलेली नाही. ते इथेच, माझ्या शेजारच्या खुर्चीवर, पाय लांब करून बसले आहेत.