पाठीतला पाहुणा

१२ जून १९८७, बोईसर
आज माझ्या घामाविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवीत आहे. नव्या शाळेत संस्कृत शिकवायला आलो, हवेशीर खोली मिळाली, शेजारही बोलका आहे. परंतु या दमट हवेत घाम येतो तो फक्त उजव्या गालाला. डावा कोरडा ठणठणीत. बायको जयवंती म्हणते, अर्धनारीश्वर ऐकला होता, हा अर्धघामेश्वर कुठला काढलात? डावी पापणीही पेंगुळलेली असते. पोरांचा समज, गुरुजी डोळा मारतात.

३ जुलै
डावा खांदा ठणकू लागला म्हणून पालघरला छातीचा फोटो काढला. डाव्या बाजूला, अगदी वर, गोल सावली. डॉक्टर म्हणाले, क्षय. सावली इतकी वर म्हणजे दुसरे काय असणार? गोळ्यांनी लघवी शेंदरी होते. अंगात एवढा एकच उत्सव.

घरकामाला येणारी मंगळी मी जेवताना माझ्या पाठीमागे मूठभर भात ठेवते. कारण विचारले.

"गुरजी, तुमच्या पाठीत कोन तरी बसलाय. त्याला उपाशी नका ठेवू. नायतर तो तुमालाच खाईल."

पाहुण्यांना आमटी चालते का, असे मी विचारले. ती हसली नाही.

२० सप्टेंबर
गोळ्या नेमाने घेतो. सावली वाढलीच. आज सायकलवरून उतरताना डावा पाय जमिनीला लागला. जमीन मात्र पायाला लागली नाही.

६ ऑक्टोबर
मुंबईच्या सर्जननी बाजूने फोटो काढला, मग स्कॅन. सावली फुप्फुसात नव्हतीच. कण्याला टेकून, मज्जातंतूवर वाढलेली गाठ. घाम आणि पापणी तिनेच नेली. पावसाळाभर मी भलत्याच रोगाच्या गोळ्या खाल्ल्या, आणि ती मणक्यातल्या भोकातून आत शिरून मज्जारज्जूवर रेलली. आधी पाठीतून हाड काढून आतला भाग सोडवायचा. मग फासळ्या फाकवून बाहेरचा. ओढाताण झाली, तर दोन्ही पाय कायमचे—

९ ऑक्टोबर
आज भात मीच काढून ठेवला. मंगळीने पाहून न पाहिल्यासारखे केले. रामरक्षा म्हणताना पाठीत— हलल्यासारखे—

१४ ऑक्टोबर, मुंबई
उद्या. सर्वांना सांगतो, मरणाला भीत नाही. तेवढे खरे आहे. शुद्धीवर आलो की आधी पाय हलवायला सांगणार आहेत. मला भीती त्याचीच. मी हलवीन. हलले असे मला वाटेल. आणि जयवंती माझ्या पायांकडे बघत—