डॉक्टरबाईंची लाली

१४ जून २०२५

गाडी आणली! तेरहून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून, दोरांनी आवळून. रस्त्यानं लोक वरात बघावी तसे थांबून बघत होते. ट्रॉली दारात थांबली आणि यांनी पहिला अहेर दिला — "ह्याच्यापरीस म्हैस घेतली असतीस तर दूध तरी दिलं असतं."

यांना काय बोलायचं! शेतातून आले की जेवण आणि टोमणे, दुसरं काही सुचत नाही. पण ताडपत्री काढली आणि मी लगेच ओळखली. हीच ती. लाल पॅलिओ. डॉक्टरबाईंची लाली. बाईंनी विकल्यावर दोन हात फिरून शेवटी तेरच्या एका गोठ्यात कडब्यामागं वर्षानुवर्षं उभी होती. चारी टायर बसलेले, मागच्या सीटमध्ये उंदरांचा संसार, रंग उडून फिकट विटकरी झालेला. तरी नाक खाली घालून पळायला निघाल्यासारखी उभी! ती ऐट काही गेलेली नाही.

२००२ साली डॉ. विजया बिराजदार बेंबळीच्या दवाखान्यात रुजू झाल्या त्या हिच्यातून. आमच्याकडं तोवर डॉक्टर म्हणजे जीप नाहीतर एसटी. ही दिसायला एवढीशी आणि इंजिन मोठ्या गाडीचं. बाळंतिणीचा निरोप आला की बाई म्हणायच्या, "महानंदा, पेटी घे, बस." पुढचं माझं देवाचं नाव घेणं आणि बाईंचं गिअर टाकणं. किती बायका आणि लेकरं त्या वेगानं वाचली ते आम्हा दोघींनाच माहीत.

१५ जून

का घेतली, ते काल लिहायचंच राहिलं. ३१ मेला दवाखान्यातल्या नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाले. नर्सबाईंचा नारळ, शाल, भाषणं, झालं. दुसऱ्या दिवसापासून अंथरुणातून उठावंसंच वाटेना. कोणासाठी उठायचं? हे शेतात, लेक सासरी. भाकरी थापून परत आडवी व्हायचे.

त्यात बाईंचा सोलापूरहून फोन आला. साखरेनं डोळे खाल्ले, म्हणाल्या. एका डोळ्यानं दिसत नाही, दुसऱ्याला धुकं. वर्ष सरेपर्यंत तेही जाईल. "महानंदा, माझी लाल गाडी एकदा बघायची होती गं. कुठं पडलीय कोण जाणे." मी काही न विचारता बोलून गेले, "मी शोधते. येळवशीला शेतात या, उभी करून दाखवते." आमची येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या, गाव रिकामं करून सगळ्यांनी शेतात जेवायचं. बाई नोकरीत होत्या तोवर दर साली आमच्याच शेतात यायच्या.

फोन ठेवताना म्हणाल्या, "आणि लायसन काढ. गाडी घ्यायची आणि दुसऱ्यानं चालवायची, हे मला चालायचं नाही."

आता शब्द देऊन बसले आहे. अमावास्या १९ डिसेंबरला. तोवर ही धावली पाहिजे, आणि बाईंची नजर टिकली पाहिजे. पहिलं माझ्या हातात, दुसरं देवाच्या.

२ जुलै

बसप्पा मिस्त्री येऊन गेला. यायला पंधरवडा लावला आणि आल्यावर आधी चहा. मग गाडीभोवती फिरून म्हणाला, "शिस्टर, पत्रा सडलाय, वायरी उंदरानं खाल्ल्यात, पर हिचा सांगाडा लई तगडा हाय." मी म्हटलं, माझ्यासारखा. त्यावर हसला नाही. बायकोला घाबरणाऱ्या माणसासारखं तोंड करून दुसरा चहा मागितला.

२० जुलै

आज बसप्पाच्या शेडमध्ये इंजिन उघडलं. मी शेजारी बसून होते. वरचं झाकण निघालं आणि आत सोळा झडपा! एका सिलिंडरला चार. दोन श्वास घ्यायला, दोन सोडायला. बसप्पा एकेक सांगत होता आणि मी आ वासून बघत होते. मी जन्मभर माणसं आतून बघितली. हे लोखंडाचं माणूसच निघालं. रक्ताच्या जागी तेल, नाडीच्या जागी पट्टा. आणि कुणीतरी कुठंतरी बसून हे सगळं डोक्यात रचलं असेल! डोक्यात! आधी काहीच नसताना!

घरी येऊन यांना सांगायला लागले तर म्हणाले, "जेवायला वाढतीस का झडपाच खाऊ?"

११ ऑगस्ट

ड्रायव्हिंग स्कूलचा पहिला दिवस. धाराशिवला बसनं गेले. माझ्याबरोबर शिकणाऱ्या पोरी मला आजी म्हणतात. क्लच सोडला की गाडी उसळते. शिकवणारा म्हणाला, "मावशी, हळूहळू. पाय हाय, मुसळ न्हाय."

६ सप्टेंबर

रंग सापडला! दुकानदार दहा लाल दाखवायचा आणि मला एकही पटायचा नाही. आज डिकीतला सडका गालिचा उचलला तर खाली हातभर जागा तशीच्या तशी, ऊन न लागलेली. वाळत घातलेल्या मिरच्यांवर सकाळचं ऊन पडतं तो लाल. बघतच राहिले. बाई याच रंगात उतरायच्या दवाखान्याच्या दारात, पदर खोचून.

तेवढा पत्रा बसप्पानं कापून रंगवाल्याकडं पाठवला.

२४ सप्टेंबर

पाऊस थांबायचं नाव नाही. नदीकाठच्या गावांचे हाल ऐकवत नाहीत. आमचं सोयाबीन पाण्यात. हे बांधावर जाऊन येतात, पण टोमणासुद्धा मारत नाहीत.

बसप्पाच्या शेडमध्ये पाणी शिरलं. लातूरला मशीनवर घासून आणलेलं इंजिनचं धूड त्यानं रिक्षात घालून आमच्या पडवीत आणून ठेवलं. चारी सिलिंडर आतून आरशासारखे. तेल लावून, फडकं झाकून ठेवलं आहे. बसप्पानं चारदा बजावलं, "पाण्याचा थेंब लागू देऊ नका."

१ ऑक्टोबर

काय लिहू.

आज खंडेनवमी. मी सकाळी लेकीकडं गेले होते, तिच्या सासरी पूजा असते. दुपारी येऊन बघते तर पडवी सारवलेली, रांगोळी काढलेली. विळे, कोयते, कुदळ, पाभर ओळीनं मांडलेली — आणि मधोमध इंजिन! बादलीनं धुतलेलं. पुढं विभूतीचे तीन पट्टे. चारी सिलिंडरांत हळदकुंकू, एकेक झेंडूचं फूल, आणि नारळाचं पाणी वरून ओतलेलं.

हे बाजूला उभे. आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. म्हणाले, "आता तुझं हत्यार हेच न्हवं. मग ह्याची पूजा नको का?"

साडेतीन महिने ज्यांनी म्हशीचा जप केला त्यांनी! लोखंड ओलं आहे, आत पाणी उभं आहे, हे सगळं कळत होतं. पण मांडलेलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही. लहानपणापासून कधी हलवलं नाही. आणि यांच्या तोंडावरचा तो आनंद... मी हात जोडले आणि आत गेले.

२ ऑक्टोबर

दसरा. पूजा उचलली. फुलं काढली तर चारी सिलिंडर तांबूस. बोटानं पुसलं, खाली खड्डे.

हे बघत होते. "माझ्या हातनं झालं व्हय हे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोघांच्या हातनं झालं.

३ ऑक्टोबर

बसप्पा आला. खड्ड्यांवरून नख फिरवलं. मग म्हणाला, "देवाचं पाणी असलं तरी लोखंडाला ते पाणीच की ओ शिस्टर." वर सांगितलं, अजून एक डाव घासता येईल. पण मग मोठ्या मापाचे पिस्टन लागतील आणि ते आता बनत नाहीत. त्याच्यापुढं घासायला जागाच नाही. म्हणजे ही शेवटची संधी.

बाईंचा फोन आला होता. "कुठवर आलं गं?" मी खोटं बोलले. जुळत आलंय म्हटलं.

१९ ऑक्टोबर

पिस्टन कुठंच नाहीत. सोलापूर नाही, लातूर नाही, हैदराबाद नाही. मोबाइलवर जुन्या पॅलिओवाल्यांचा एक ग्रुप सापडला. केवढी माणसं या एका गाडीसाठी वेडी! रोज फोटो टाकतात, एकमेकांना नटबोल्ट पाठवतात. मी लिहिलं — माझ्या डॉक्टरबाईंची नजर जाण्याआधी गाडी उभी करायची आहे.

२१ ऑक्टोबर

पुण्याच्या एका माणसाकडं एक संच आहे. स्वतःच्या गाडीसाठी जपून ठेवलेला. म्हणाला, घेऊन जा, पण कुरिअर करणार नाही, हातोहात देईन.

यांना सांगितलं तर यांनी नुसता पत्ता विचारून घेतला.

२३ ऑक्टोबर

सकाळी उठले तर हे घरात नाहीत. संध्याकाळी पुण्याहून फोन — "ते चार डबे मिळाले. मांडीवर घेऊन बसतो, खाली ठेवत न्हाय." तुळजापूरच्या पलीकडं कधी एकटा न गेलेला माणूस! मी फोन ठेवून पदरानं डोळे पुसले. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नवरा मला आज कळला.

१७ नोव्हेंबर

लायसन मिळालं. फोटोत मी चोरासारखी दिसते. पण लायसन ते लायसन.

२९ नोव्हेंबर

सुरू झाली!

दोन तास नुसतं घरघर. बसप्पा शिव्या देत होता, कुणाला ते कळत नव्हतं. हे ओट्यावर पाठ करून बसलेले, त्यांच्यानं बघवत नव्हतं. मग एकदा खोकली, धूर सोडला, आणि लागली.

मी बॉनेटवर हात ठेवला. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या छातीवर बोट ठेवून ठोके लागावेत तसे लागले. किती ठोके या हातानं मोजले असतील, पण असा काटा अंगावर कधी आला नव्हता. मेलेलं होतं ते! गोठ्यात मरून पडलेलं! आणि आता बसप्पानं जरा रेस दिली तर शेजारच्यांची कुत्री पळाली.

हे मागं वळले नाहीत. खांदे हलत होते. मी बोलावलं नाही.

१० डिसेंबर

रंग झाला, कागदपत्रं झाली, पासिंग झालं. लाली उन्हात उभी आहे. गावातली माणसं येतात, फिरून बघतात आणि जातात. एक म्हातारी गाडीच्या काचेवरून हात फिरवून म्हणाली, "ह्याच गाडीनं माझी सून वाचली." मला आठवेना कोणती सून. इतक्या होत्या.

१९ डिसेंबर

येळवस. सकाळीच गाव ओस पडलं. शेतात कडब्याची खोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, आंबिलीचं मडकं, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे. सगळं झालं आणि माझं लक्ष बांधाकडं.

बारा वाजता बाई आल्या. भाचा शिवपुत्र गाडी चालवत होता. काळा चष्मा, हातात काठी, अंग निम्मं राहिलेलं. उजेड सोसत नाही म्हणाल्या. मी हात धरून लालीपाशी नेलं.

बाईंनी काठी माझ्याकडं दिली. दोन्ही हात टपावर ठेवले. मग दिवे, नाक, दारं, सगळ्या गाडीवरून हात फिरवत एक फेरा घातला. आजारी लेकराला तपासावं तसं. मी विचारलं, "रंग जमला का हो बाई?" थोडं थांबून म्हणाल्या, "अगदी तोच गं. जराही फरक नाही."

बस्स! सहा महिन्यांचं सगळं सोनं झालं. दिसला त्यांना! वेळेत पोचले मी.

मला वाटलं होतं शिवपुत्र चालवेल. पण बाई डावीकडं, माझ्या जागेवर जाऊन बसल्या. "चल महानंदा. पेटी नाही, तू बस." हे मागं बसले, दोन्ही सीट घट्ट धरून.

येळवशीचे रस्ते! माणूस नाही, बैल नाही, एसटीसुद्धा रिकामी. बाई डोळे पुढं लावून सांगत होत्या — आता उतार, आता डावं वळण, पूल आला, तिसऱ्यावर घे, आता सोड तिला. मी सोडली. काय ओढली तिनं! पाठ सीटला चिकटली. दोन्हीकडची ज्वारी नुसती हिरवी रेघ झाली. बाई खळखळून हसत होत्या आणि मीही ओरडत होते, काय ते माहीत नाही. मागून हे म्हणाले, "हळू, म्हशीवर बसलो असतो तर बरं झालं असतं." या वयात असं काही माझ्या वाट्याला येईल असं स्वप्नातही नव्हतं. कोणासाठी तरी केलं आणि मलाच मिळालं.

जाताना बाईंनी माझे गाल चाचपले. "आता उठतेस ना सकाळी?" म्हणाल्या.

२० डिसेंबर

शिवपुत्रचा फोन आला. मी म्हटलं, बाईंनी डोळे भरून गाडी बघितली, मी भरून पावले. तिकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "मावशी, सांगू नको म्हणली होती आत्या. पर मला राहवंना. तिला महाशिवरात्रीपासनं काहीच दिसत न्हाय. दोन्ही डोळ्यांनी."

म्हणजे मला फोन केला त्याच्याही आधीपासून.

"मग गाडी कशाला मागितली?"

"म्हणली, महानंदा निवृत्त झालीय. ती स्वतःसाठी उठायची न्हाय, माझ्यासाठी उठंल."

रडले. मग भयंकर राग आला. मग पुन्हा रडले. आता यांना सांगितलं, लाली घेऊन सोलापूरला जाऊन येते, एकटीच.